‘उपाशी आहे का’ असं विचारू नका: ऑपरेशनच्या आधी, टेबलावर आणि नंतर पेशंट कसा सांभाळायचा

नर्सिंगला नवीन जॉईन झालेल्या पोरींसाठी अन् ब्रदर लोकांसाठी लिहून राहिली आहे, ज्यांची पोस्टिंग तालुक्याच्या नाहीतर ग्रामीण रुग्णालयात झाली अन् कॉलेजमध्ये शिकलेलं सगळं पाठ आहे पण समोर कापूस वेचून आलेली बाई बसली की काय बोलावं सुचत नाही. मी १९ वर्षं हेच काम करते, आधी वॉर्ड, मग ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, मग परत वॉर्ड. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, सिझर, नसबंदीचे कॅम्प, हेच आमचं रोजचं. नातेवाईकांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचाच.

एक किस्सा आधी सांगते. नोकरीचं दुसरंच वर्ष. एका बाईला सकाळी विचारलं, उपाशी आहे ना? ती म्हणे, हाव बाई, कालपासून उपाशीच हाय. टेबलावर घेतलं, भूलतज्ज्ञ सरांनी सहज विचारलं, आज सकाळी काय घेतलं? तर म्हणे, काही नाही जी, आज चतुर्थी हाय ना, फक्त साबुदाण्याची उसळ अन् चहा. ती खोटं बोलली नव्हती, तिच्या भाषेत उपाशी म्हणजे उपास, अन् उपासाला साबुदाणा चालतो. केस पुढे ढकलली, काही झालं नाही, पण त्या दिवशी मला कळलं की चूक माझ्या प्रश्नात होती. तेव्हापासून मी हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारणंच सोडलं. खाली जे जे सांगणार आहे त्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण आपल्या लोकांना सिस्टरला ‘नाही’ म्हणायचा संकोच वाटतो, ते ‘हाव’ म्हणून मोकळे होतात.

आदल्या दिवशी

पेशंट भरती झाला की फाईल उघडायच्या आधी त्याच्याजवळ पाच मिनिटं बसा. खरंच बसा, उभ्यानं नाही. गाव कोणतं, कसे आले, घरी कोण आहे, शेत किती, एवढं बोलणं झालं की मग बाकीचं खरं निघते.

खाण्यापिण्याचा हिशोब असा ठेवा. तळलेलं, मटण, पोटभर जेवण असेल तर ८ तास, हलका नाश्ता किंवा दूध किंवा दुधाचा चहा असेल तर ६ तास, आईचं दूध पिणाऱ्या बाळाला ४ तास, अन् साधं पाणी २ तास आधीपर्यंत. हे कशासाठी तर भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, अन् ते जिवावर बेतते. नातेवाईकांना हे कारण सांगा, ते समजतात, नुसतं ‘काही देऊ नका’ म्हटलं की आजी हळूच लेकराला बिस्कीट देतेच, तिला वाटते सिस्टर कठोर आहे. आता दुसरी बाजू पण सांगते जी आपण नेहमी विसरतो. रात्री ८ ला जेवलेला पेशंट, लिस्टमध्ये शेवटचा नंबर, दुपारी २ ला टेबलावर, अन् बाहेर मे महिन्यातलं चंद्रपूर-यवतमाळकडचं ४५ डिग्री. १८ तास त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. अशाला पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं की बीपी धाडकन पडते. म्हणून लिस्ट पुढे-मागे झाली की भूलतज्ज्ञांना फोन करून विचारा, ह्याला पाणी देऊ का किंवा सलाईन लावू का. हा फोन करायला लाजू नका.

प्रश्न कसा विचारायचा? ‘काल रात्रीपासून तोंडात काय काय घातलं ते सगळं सांगा.’ तोंडात, पोटात नाही. कारण आपल्याकडे खर्रा आहे, सुपारी-तंबाखू घोटलेला. खर्रा कोणी खाण्यात धरतच नाही. गालात धरून माणूस ओटीच्या दारापर्यंत येतो. टॉर्च घ्या, तोंड उघडायला लावा, दोन्ही गाल बघा, अन् त्याच वेळी हे पण बघा की तोंड किती उघडते. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला पाहिजे. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांच्या गालाची चामडी आतून कडक पांढरी होते, तोंड दीड-दोन बोटंच उघडते, अशा माणसाच्या श्वासनळीत नळी घालणं फार कठीण जाते. टेबलावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं, मोठ्या अक्षरात फाईलवर लिहा अन् तोंडी पण सांगा. हलणारा दात, कवळी, हे पण तेव्हाच बघून घ्या.

दारूचं विचारायचं तर अजून सांभाळून. वर्धा अन् गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, तिथं कोणी कबूल करत नाही, त्याला वाटते पोलिसात सांगतील. मी बायकोला बाहेर पाठवते अन् विचारते, ‘संध्याकाळी थकवा काढायला काय घेता? मोहाची का दुसरी? शेवटची कधी घेतली?’ हे रिकामी चौकशी म्हणून नाही. रोज पिणाऱ्याची एकदम बंद झाली की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप नाही, अन् दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बडबडायला लागतो, सलाईन उपटतो, खाटेवरून उतरून पळतो. घरचे म्हणतात ऑपरेशननं डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणते बाहेरचं झालं. आधी माहीत असलं तर डॉक्टर औषध चालू करून ठेवतात.

बायकांना पाळीचं विचारताना सासूला चहा आणायला पाठवा. ‘गरोदर आहे का’ म्हटलं की नाहीच म्हणतील, ‘शेवटचा महिना कधी आला’ विचारा, तारीख नाही सांगता आली तर पोळा, दसरा, दिवाळी असा सण धरून विचारा. शंका आली तर लघवीची टेस्ट करून घ्या, दोन मिनिटाचं काम आहे.

‘ॲलर्जी आहे का’ हा तर अगदीच वाया जाणारा प्रश्न. ‘कोणती गोळी किंवा सुई घेतल्यावर अंगावर गांध्या उठल्या, खाज सुटली, तोंड सुजलं, श्वास कोंडला असं कधी झालं का, कोणत्या दवाखान्यात?’ असं सुटं सुटं विचारा. गोळ्या चालू असतील तर नाव विचारू नका, पिशवीच मागा. शुगर, बीपी, थायरॉईड, मिरगी, हार्टची रक्त पातळ करायची गोळी, अन् वैदूनं दिलेली पुडी पण. कोणती बंद करायची अन् कोणती घोटभर पाण्याबरोबर सकाळी द्यायची हे डॉक्टर ठरवतील. साधारण बीपीची गोळी (काही सोडून) चालू ठेवतात, शुगरची त्या दिवशी सकाळी देत नाहीत, रक्त पातळ करायची काही दिवस आधीच बंद करायची असते. पण आपल्या मनानं काहीच करायचं नाही, लिहून घ्यायचं अन् विचारायचं.

आता सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा, आईबापाकडून येणारा आजार. ह्यावर मी जास्त बोलणार कारण विदर्भात हा आजार घराघरात आहे, विशेष करून आदिवासी अन् इतर काही समाजात, अन् पेशंट ‘अंगदुखीचा त्रास आहे लहानपणापासून’ एवढंच सांगतो. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन २०२३ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तपासण्या वाढल्या, कार्डं मिळाली, पण ते कार्ड घरच्या पेटीत असते. विचारा, ‘घरात कोणाला सांधे सुजून दुखायचा, वारंवार रक्त चढवायचा त्रास आहे का? शाळेत नाहीतर गावात बोटाचं रक्त घेतलं होतं का, त्याचा कागद कुठं आहे?’ सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलची पहिली साधी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळते की सिकलचं हिमोग्लोबिन आहे, तो वाहक आहे का रोगी हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ह्या लॅबच्या पुढच्या तपासण्यांनीच कळते. अन् नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल तर सोल्युबिलिटी टेस्ट खोटी निगेटिव्ह पण येऊ शकते, म्हणून कोणाला कधी रक्त दिलं हे आठवणीनं लिहा. सिकलच्या रोग्याला चार गोष्टींनी त्रास होतो: थंडी, पाणी कमी पडणं, ऑक्सिजन कमी पडणं अन् इन्फेक्शन. ओटीत चारही होऊ शकतात. त्याला उपाशी जास्त वेळ ठेवू नका, नंबर पहिला लावायला सांगा, ब्लँकेट, गरम केलेली सलाईन, ऑक्सिजन, अन् दुखणं आवळून ठेवू देऊ नका. पट्टा बांधून हातपायाचं रक्त थांबवायचं असेल तर सर्जन अन् भूलतज्ज्ञ दोघांना आधी आठवण करून द्या.

सही. हा विषय मला फार लागतो. सज्ञान बाईच्या ऑपरेशनच्या कागदावर नुसता सासऱ्याचा अंगठा घेऊन चालत नाही, तिचा स्वतःचा पाहिजे, अन् ती काय ऐकून अंगठा देऊन राहिली हे तिला समजलं पाहिजे. सांगून झाल्यावर विचारा, ‘उद्या तुमचं काय करणार आहेत, मला सांगा बरं.’ ती म्हणाली ‘माहीत नाही, डॉक्टरले माहीत’ तर डॉक्टरांना परत बोलवा. गोंडी, माडिया, कोरकू बोलणारा पेशंट असेल तर नात्यातला जो मराठी बोलतो त्याला जवळ बसवा अन् श्वास घ्या, हलू नका, दुखते, पाणी, लघवी, एवढे पाच शब्द त्याच्याकडून त्यांच्या भाषेत लिहून घ्या, देवनागरीत जसे ऐकू आले तसे. रात्री दोन वाजता तो नातेवाईक खाली व्हरांड्यात झोपलेला असतो, तेव्हा तो कागद कामी येतो.

रेशनकार्ड अन् आधार आदल्या दिवशीच आरोग्यमित्राकडे (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) दाखवून घ्या, महात्मा फुले योजनेत बसत असेल तर घरचे निश्चिंत होतात अन् निश्चिंत माणूस चांगला पेशंट होतो. आंघोळ साबणानं, आदल्या रात्री किंवा सकाळी, धुतलेले कपडे. केस ब्लेडनं काढायचे नाहीत, बारीक कापल्याच्या जखमा होतात अन् त्यातूनच इन्फेक्शन शिरते, अडचण होत असेल तरच मशीननं, त्याच दिवशी, तेवढ्याच भागाचे.

ओटीच्या दारात

दागिने. मंगळसूत्र काढायचं म्हटलं की बाईचा चेहरा उतरतो. मी कधीच स्वतः हात लावत नाही, नवऱ्याला किंवा सासूला बोलवते, त्यांच्या हातानं काढवते, मणी मोजून लिहिते अन् घेणाऱ्याची सही घेते. जोडवी घट्ट असली तर साबणाचं पाणी लावा. पुरुषांचा चांदीचा करदोडा कपड्याच्या आत असतो, तो कोणी सांगत नाही, बघावाच लागते. कॉटरी (विजेवर चालणारं कापायचं अन् रक्त थांबवायचं यंत्र) लावली अन् अंगावर धातू राहिला तर तिथं भाजू शकते. नेलपॉलिश अन् गडद मेंदीमुळे बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मशीन चुकीचा आकडा दाखवू शकते, एक बोट तरी कोरं पाहिजे, नाहीतर कानाच्या पाळीला लावा.

ओळख. ‘तुम्ही अमुक बाई ना?’ असं विचारायचं नाही. घाबरलेला माणूस कोणत्याही नावाला हो म्हणतो. नाव त्यानंच सांगायचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अन् गाव पण त्यानंच. एका नसबंदी कॅम्पमध्ये माझ्यासमोर एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बाया होत्या, दोघी एकाच खोलीत, एकीचं हिमोग्लोबिन बरं अन् दुसरीचं इतकं कमी की ऑपरेशन करायचंच नव्हतं. कागद अदलाबदल झाले होते. गाव विचारलं म्हणून कळलं. बाजूचं पण तसंच, हर्निया उजवा का डावा हे फाईलवर लिहिलेलं असते, तरी पेशंटला म्हणा ‘जिथं ऑपरेशन आहे तिथं हात ठेवून दाखवा’, तो जागा असतानाच सर्जनकडून तिथं पेननं खूण करवून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरी चेकलिस्ट तुम्ही भिंतीवर लागलेली पाहिली असेल. १९ मुद्दे, तीन थांबे: भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी, अन् पेशंट ओटीतून बाहेर जायच्या आधी. जगातल्या ८ दवाखान्यांत, त्यात एक दिल्लीचा, ही वापरून पाहिली अन् २००९ मध्ये निकाल छापून आला, ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. औषध नवीन नाही, मशीन नवीन नाही, फक्त थांबून मोठ्यानं विचारणं. आपल्याकडे तो कागद संध्याकाळी एका बैठकीत टिकमार्क करून भरतात, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे, अन् मला त्याचा खरंच राग येतो. मोठ्यानं वाचा. सर्जन घाईत असले तरी वाचा. पहिल्या दोन-तीन वेळा ते तुमच्याकडे बघतील, मग सवय होते.

टेबलावर

पाठीतल्या इंजेक्शनला पेशंटला बसवून धरायचं काम आपलं. समोर उभ्या राहा, त्याचे खांदे धरा, हनुवटी छातीला लावायला सांगा, उशी पोटाशी धरायला द्या अन् ‘पाठ मांजरीसारखी गोल करा’ म्हणा, हे सगळ्यांना समजते. सुई टोचायच्या आधी सांगा की आता टोचेल, हलायचं नाही. आडवं केल्यावर पहिली १५ मिनिटं बीपी दर दोन-तीन मिनिटांनी. मळमळ, जांभई, ‘कसंतरी होते’ असं पेशंट म्हणाला म्हणजे बहुतेक बीपी पडून राहिलं, मशीनची वाट बघू नका, लगेच भूलतज्ज्ञांना सांगा. सिझरच्या बाईला उजव्या कुशीखाली उशी किंवा घडी केलेली चादर सरकवून थोडं डावीकडे कलतं ठेवायचं, नाहीतर पोटाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येते.

अँटिबायोटिक चीर द्यायच्या आधीच्या ६० मिनिटांत गेलं पाहिजे. सकाळी वॉर्डात ८ ला दिलं अन् केस १२ ला लागली तर त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून ते ओटीत देणं बरं. चामडीला लावलेलं पोव्हिडोन किंवा स्पिरिट पूर्ण सुकू द्या, ओलं असताना जंतू नीट मारत नाही, अन् स्पिरिट ओलं असताना कॉटरी लावली तर पेट घेते. कॉटरीची प्लेट मांसल जागी, मांडीला, हाडावर किंवा केसाळ जागेवर नाही.

मोजणी तीन वेळा: सुरू करायच्या आधी, पोट बंद करायच्या आधी, चामडी बंद करताना. दोघींनी मिळून, मोठ्यानं, फळ्यावर लिहून. मॉप अन् गॉज (रक्त टिपायचे कपडे), सुया, औजारं. आकडा जुळला नाही तर ‘जुळत नाही सर’ म्हणा अन् थांबवा, बादली उलटी करून शोधा, टेबलाखाली बघा, नाही सापडलं तर एक्सरे. ओटीतला एकही मॉप केस चालू असताना बाहेर जाऊ द्यायचा नाही, पुसायला पण नाही.

लाईट जाणं हे आपल्याकडचं रोजचंच दुखणं. इन्व्हर्टर चालू आहे का, जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हाताच्या टॉर्चचे सेल कसे आहेत, ऑक्सिजनचा भरलेला एक सिलिंडर बाजूला आहे का, हे सकाळी पहिली केस घ्यायच्या आधी स्वतः हात लावून बघा. पायानं दाबायचं सक्शन मशीन अडगळीत असेल तर बाहेर काढून ठेवा.

अन् पेशंट जागा असते, विसरू नका. पाठीतल्या भुलीत त्याला सगळं ऐकू येते. मोबाईलवरचं बोलणं, पगाराचं बोलणं, ‘अरे हे काय निघालं’ असलं काही नाही. डोक्याशी एक जण उभी राहा, पाचेक मिनिटांनी सांगत राहा, ‘काकाजी, सगळं बरोबर चाललं, आता टाके.’

बाहेर आल्यावरचे पहिले काही तास

ओटीतून वॉर्डात देताना नुसती फाईल द्यायची नाही. काय ऑपरेशन, कोणती भूल, किती रक्त गेलं, किती सलाईन, लघवी किती, शेवटचं दुखण्याचं औषध कधी, आतापर्यंत काय त्रास झाला, हे तोंडानं सांगायचं अन् घेणारीनं परत म्हणून दाखवायचं.

पूर्ण भूल दिलेल्या पेशंटला शुद्ध येईपर्यंत कुशीवर, ऑक्सिजन, सक्शन हाताशी. पहिला तास दर १५ मिनिटांनी, मग दोन तास अर्ध्या तासानं, मग चार तास तासातासानं नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन. मला सगळ्यात जास्त भरवसा नाडीचा वाटतो. आतून रक्त जात असलं तर बीपी पडायच्या बरंच आधी नाडी वाढायला लागते, ८४ ची ९६, मग ११०, पेशंट बेचैन, पाणी मागते, हातपाय गार. एकटा आकडा काही सांगत नाही, मागच्या तीन आकड्यांजवळ ठेवून वाचा. पट्टी वरून कोरडी दिसली म्हणून समाधान मानू नका, हात कमरेखाली घालून बघा, रक्त खाली जमा होते. सिझरच्या बाईचं गर्भाशय हातानं दाबून बघा, नारळासारखं कडक लागलं पाहिजे, पॅड किती भिजला ते पॅड बघूनच ठरवा.

लघवी. नळी असेल तर वजनाच्या हिशोबानं, किलोमागे तासाला अर्धा मिली. आपल्या बाया ४०-५० किलोच्या, म्हणजे तासाला २०-२५ मिली, चार तासांत १०० च्या आसपास तरी पाहिजे. पिशवी कमरेच्या खाली लटकवा, पेशंटच्या पायावर ठेवून स्ट्रेचर ढकलू नका, उलटं पाणी वर चढते. नळी नसेल तर ‘लघवी झाली का’ विचारू नका, पुरुषांच्या वॉर्डात तर लाजेनं सगळेच हो म्हणतात. ‘कोणत्या वेळेला झाली, किती झाली, ग्लासभर का चमचाभर?’ अन् ओटीपोट हातानं चाचपा. पाठीच्या भुलीनंतर सहा तास होऊन लघवी नाही अन् पोटाखाली गोळा लागतो, तर डॉक्टरांना सांगा.

आता एक गोष्ट जिची मला अजून हळहळ वाटते. एका लेकीचे पाय पाठीच्या भुलीनं बधिर होते, थंडीचे दिवस, तिला हुडहुडी भरली, आईनं मायेनं गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली. बधिर पायाला काही कळत नाही. सकाळी चादर काढली तर पोटरीवर हा एवढा फोड. ऑपरेशनच्या टाक्यापेक्षा तो फोड बरा व्हायला जास्त दिवस लागले. मी ब्लँकेट दिलं असतं अन् आईला दोन शब्द सांगितले असते तर झालं नसतं. म्हणून पाय जागे होईपर्यंत शेक नाही, शेगडी नाही, विटा नाहीत, हे वॉर्डात आल्याबरोबर सोबतच्या बाईमाणसाला सांगायचं, ती कितीही मायेची असली तरी. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची रीत आपल्याकडे आहेच, तिथं तर दुप्पट लक्ष.

दुखणं. शेतकरी माणूस ‘बरं हाय जी’ म्हणतो. पोटात कळ उठत असली तरी. ० ते १० चे आकडे समजले तर वापरा, नाहीतर रुपयात विचारा, ‘काल रुपयाभर दुखत होतं तर आज किती? आठ आणे, चार आणे?’ हे फार चांगलं चालते. अन् आकड्यापेक्षा करून दाखवायला लावा: कूस बदला, खोकून दाखवा, मोठा श्वास घ्या. श्वास अर्धवट घेत असेल तर दुखते, तोंडानं काही म्हणो. दुखते म्हणून माणूस खोकत नाही, खोकत नाही म्हणून कफ साचतो, म्हणून औषध वेळेवर, सहन होईना झाल्यावर नाही.

तासाला दहा मोठे श्वास, पोटाला उशी धरून खोकणं. श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं खेळणं (स्पायरोमीटर) मिळत नसेल तर बाटलीत अर्धं पाणी अन् स्ट्रॉ, बुडबुडे काढायला लावा, लेकरं तर आनंदानं करतात. उठवायचं लवकर, सकाळचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. पण आधी पाय सरळ वर उचलून दाखवू द्या, मग खाटेच्या कडेवर पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवा, मग उभं, मग चालणं. पाठीच्या भुलीचा पेशंट एकटा बाथरूमला गेला अन् पडला, असं झालेलं मी एकदा नाही, तीनदा पाहिलं.

बसलं की डोकं फुटते अन् आडवं झालं की थांबते, अशी डोकेदुखी एक-दोन दिवसांनी आली तर ती सुईच्या छिद्राची. भूलतज्ज्ञांना सांगा, पाणी-चहा भरपूर. उशी काढून चोवीस तास सपाट झोपवल्यानं ती टळत नाही, हे जुनं आहे, तरी अजून आपण पेशंटला छळतो. ‘गॅस सुटल्याशिवाय पाणी नाही’ हे पण तसंच, आतडं कापलेलं नसेल तर बहुतेक ऑपरेशनमध्ये काही तासांतच घोट घोट पाणी चालू करतात, डॉक्टरांना विचारा.

घरी जाताना

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना घाई. एसटीची वेळ असते, दुपारची गेली तर रात्रीच. म्हणून मी सांगायचं काम आदल्या संध्याकाळी करते, जेव्हा घरचे दोघं-तिघं बसलेले असतात. अन् ज्याच्या हातात घरचा स्वयंपाक आहे तिला समोर बसवते.

खाणं. आंबट खाल्लं की टाके पिकतात, वरणानं पू होतो, अंडी गरम पडतात, भातानं जखम फुगते. हे ऐकून ऐकून मी थकली नाही, रोज सांगते. जखम भरायला प्रोटीन लागते. वरण, अंडी, दूध, शेंगदाणे, डाळीची भाजी, मटण खात असतील तर तेही. लिंबू, आवळा चांगला. सून बाळंतीण झाली की तिला चहा-टोसवर ठेवतात, तिच्या वाटणीचं अंडं तिलाच मिळालं पाहिजे, हे मी सासूच्या तोंडावर बोलते अन् प्रेमानं बोलते.

जखम कोरडी, पट्टी डॉक्टर म्हणतील तोपर्यंत. हळद, राख, टूथ पावडर, झाडपाला काही नाही. साधारण ४८ तासांनी आंघोळीची परवानगी मिळते, अंगावर पाणी घ्या अन् स्वच्छ कपड्यानं टिपून घ्या, घासायचं नाही, तलावात-नदीत डुबकी नाही.

वजन उचलू नका हे वाक्य पण फुकट जाते, कारण ‘वजन’ म्हणजे त्यांना पोतंच वाटते. नावं घेऊन सांगा. हर्नियावाल्याला: फवारणीचा १६ लिटरचा पंप नाही, कापसाचं गाठोडं नाही, युरियाची बॅग नाही, हँडपंप नाही, सहा आठवडे. बाईला: डोक्यावर पाण्याची गुंड नाही, मोठं लेकरू कडेवर नाही, दळणाचा डबा नाही. हायड्रोसीलवाल्याला सांगा की थोडी सूज राहणार, घाबरू नका, लंगोट कसून वापरा, पण सूज झपाट्यानं वाढली किंवा ताप आला तर या. नुसतं ‘आराम करा’ म्हटलं अन् सोयाबीन कापणीला आलं तर कोण आराम करते.

गोळ्यांच्या पाकिटावर मी पेननं सूर्य अन् चंद्र काढून देते, सकाळची सूर्य, रात्रीची चंद्र, दुपारची भाकर. वाचता न येणारी आजी पण चुकत नाही.

परत कधी यायचं ते मोजकं सांगा. ताप १००.४ डिग्रीच्या वर, जखम लाल गरम किंवा पू किंवा वास, टाका उघडला, उलट्या थांबत नाहीत, लघवी होत नाही, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, अंगावरून फार जाते, छातीत दुखते किंवा दम लागतो. शेवटचं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट नाही, १०८ ला फोन. पहिल्या दोन दिवसांतला थोडा ताप बहुतेक वेळा जखमेचा नसतो, पाचव्या दिवसानंतर आला तर पट्टी उघडून जखम बघायलाच पाहिजे, पण तोपर्यंत घरी गेलेला पेशंट तापाला साधा समजून गावातल्या मेडिकलची गोळी खात बसतो, हे होऊ देऊ नका. गावच्या आशाताईचा नंबर घ्या, तिला फोन करून सांगा की अमुक पेशंट आला, चौथ्या-पाचव्या दिवशी एक चक्कर मार.

मग उलटं विचारा. ‘समजलं का’ नाही, समजलं का म्हटलं की सगळे माना हलवतात. ‘काकाजी, घरी गेल्यावर कोणी विचारलं की काय काय सांभाळायचं, तर काय सांगसान?’ ते सांगतील, अर्धं चुकेल, तेवढंच परत सांगा. तीन मिनिटं लागतात.

टाक्याला येतील तेव्हा पोटाचे ७ ते १० दिवसांनी, हातापायाचे सांध्याजवळचे १० ते १४, तोंडाचे पाचेक दिवसांनी. एकाआड एक काढा, जखमेचं तोंड उघडत असेल तर थांबा अन् डॉक्टरांना दाखवा. अन् टाके काढता काढता विचारा, ‘शेतात कधी गेले होते?’ ‘गेले होते का’ नाही, ‘कधी’. तुमच्या हातात कैची असते, पेशंट खोटं बोलायच्या मूडमध्ये नसते, अन् हळूच उत्तर येते, ‘परवा गेलो होतो बाई, पण पंप नाही घेतला, फक्त ओलिताचं पाणी फिरवलं.’ मग रागवायचं नाही, जखम दाबून बघायची, फावडं मारलं का ते विचारायचं, अन् सहा आठवडे पूर्ण व्हायची तारीख कार्डाच्या मागे मोठी लिहून द्यायची, बायकोला दाखवून.